रात्रीचा प्रहर आणि ईश्वरचिंतन

नाशिक क्षेत्री येणारे भाविक दिवसभरात रामकुंडावर स्नान करतात, श्रीकाळाराम व श्रीकपालेश्वर यांचे दर्शन घेतात आणि सायंकाळी गोदामाईची आरती पाहून निवासस्थानी परततात. रात्री मंदिरांतून शेजारती होते, देवाला शयन घडविले जाते आणि गाभाऱ्याचे दार बंद होते. अशा वेळी श्रद्धावंताच्या मनात एक प्रश्न सहज उभा राहतो. देव विश्रांती घेत असेल, तर रात्रीची प्रार्थना कोणाजवळ करावयाची? आणि रात्रीची उपासना अधिक फलदायी असते, असे जे वडीलधारे सांगतात, त्याचा अर्थ काय?

शेजारती हा सगुणभक्तीचा हृद्य आविष्कार आहे. घरातील वडिलांची झोपमोड होऊ नये म्हणून आपण पावले हलकी टाकतो, तीच मर्यादा भक्त देवाशी पाळतो. यामुळे चराचराला व्यापणारे चैतन्य निद्रिस्त झाले, असे मात्र नव्हे. मूर्तीला विश्रांती देणारा आपलाच धर्म महाशिवरात्रीला चारही प्रहर शिवपूजन करावयास सांगतो, गोकुळाष्टमीला मध्यरात्री जन्मोत्सव करतो आणि एकादशीला हरिजागर घडवितो. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी संत निवृत्तिनाथांच्या यात्रेत दिंड्यांचा कीर्तनजागर चालतो, तो याच परंपरेतला. श्रीरामाचा जन्म भर माध्यान्ही आणि श्रीकृष्णाचा मध्यरात्री. दोन्ही वेळा देवाच्याच. तेव्हा एखादी वेळ स्वभावतः पवित्र व दुसरी अपवित्र, असे म्हणता येत नाही. रात्रीचे वेगळेपण शोधायचे, तर ते माणसाच्या मनात शोधावे लागेल.

या जिल्ह्यातील एक परंपरागत कथा या संदर्भात मननीय आहे. गुरुआज्ञेने संन्यास सोडून पुन्हा गृहस्थाश्रमात आलेल्या विठ्ठलपंतांना समाजाने वाळीत टाकले होते. ते पत्नी व मुलांसह त्र्यंबकेश्वरी येऊन राहिले. मध्यरात्री उठून कुशावर्तावर स्नान करावे आणि ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करावी, असे त्यांचे अनुष्ठान होते. एका रात्री वाटेत वाघ आडवा आला, सर्वांची पांगापांग झाली आणि निवृत्ती एका गुहेत शिरले. तेथे त्यांना गहिनीनाथांचा अनुग्रह लाभला. तोच उपदेश पुढे त्यांनी धाकट्या ज्ञानदेवांना दिला आणि शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. दिवसाच्या समाजाने ज्या कुटुंबाला आपल्यात स्थान नाकारले, त्याला रात्रीच्या डोंगरवाटेवर अडविणारे कोणी नव्हते. रात्र कोणाची जात, पद वा प्रतिष्ठा विचारीत नाही. आजही श्रावणातील तिसऱ्या सोमवारच्या फेरीसाठी असंख्य भाविक आदल्या रात्रीच ब्रह्मगिरीची वाट धरतात. अंधारात पुढे चालणारा कोण, हे त्यांनाही ठाऊक नसते. तो वाटसरू असतो, एवढेच पुरेसे ठरते.

रात्रीच्या प्रार्थनेचे खरे मर्म येथेच आहे. दिवसाच्या पूजेला साक्षीदार असतात. कोणी कोणता हार वाहिला, कोणाचे नाव देणगीदारांच्या फलकावर लागले, हे चार डोळे पाहतात. त्यात गैर काही नाही, कारण उत्सव व अन्नदान समाजाच्या सहभागानेच चालतात. परंतु आपण हे देवासाठी करतो की पाहणाऱ्यांसाठी, याची परीक्षा कोणी पाहत नसतानाच होते. गुप्तदानाला शास्त्रकारांनी श्रेष्ठ मानले, त्यामागेही हाच विचार आहे. रात्रीची प्रार्थना हे एक प्रकारचे गुप्तदानच होय. मात्र रात्रभर केलेल्या जपाची संख्या सकाळी शेजाऱ्यास सांगितली, की त्या दानातील गुप्तता संपते आणि अहंकार तेवढा शिल्लक राहतो.

येथे एक आक्षेप येईल. रात्री जागणारा मनुष्य दिवसा आपल्या कर्तव्यात चुकला, तर त्या जागरणाचे पुण्य कसले? हा आक्षेप योग्यच आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात संयमी पुरुष इतरांच्या रात्रीत जागा असतो, असे म्हटले आहे. पण त्याच गीतेचा सहावा अध्याय अति झोपणाऱ्याला आणि अति जागणाऱ्याला योग साधत नाही, असा इशारा देतो. म्हणजे येथे जागेपण विवेकाचे अभिप्रेत आहे, डोळ्यांचे नव्हे. रुग्णालयात रात्रपाळी करणारी परिचारिका, रात्री वीज येते म्हणून पिकाला पाणी देणारा शेतकरी, कडाक्याच्या थंडीत द्राक्षबाग वाचविण्यासाठी शेकोट्या पेटविणारा निफाडचा बागाईतदार, आजारी लेकराच्या उशाशी बसलेली आई, या सर्वांना जागरण कर्तव्यानेच दिलेले आहे. त्यांनी आणखी वेगळे जागरण करण्याची गरज नाही. हातातील काम न सोडता क्षणभर केलेले स्मरण हीच त्यांची पूजा.

दुसरी मर्यादा शेजारधर्माची. आपला जागर दुसऱ्याची झोप हिरावून घेत असेल, तर त्यात दयेचा अंश उरत नाही. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्यावरील ध्वनिवर्धकास बंदी केली आहे. काही ठरावीक दिवशीच मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळू शकते. भाविकाने मात्र हा नियम केवळ कायद्याच्या धाकाने पाळू नये. जो देवाची झोप जपतो, त्याने आजाऱ्याची, वृद्धाची आणि परीक्षेच्या विद्यार्थ्याची झोपही जपावी.

शेवटचा विचार दाराचा. शेजारतीनंतर बंद झालेले दार काकड आरतीला उघडते. ते दार प्रेमाने मिटलेले असते. परंतु याच नाशकात माणसाने माणसासाठी बंद केलेले दारही होते. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, तो त्या दारासमोर. ज्या समाजाने आपल्याच बांधवांना देवापासून दूर ठेवले, त्याच्या दिवसाढवळ्या केलेल्या पूजेतही अंधारच होता. रात्री एकांतात हात जोडताना आपल्या मनाचे कोणते दार कोणासाठी बंद आहे, हेही प्रत्येकाने तपासून पाहावे.

यात्रेकरूंसाठी विधी अगदी साधा आहे. निजण्यापूर्वी किंवा पहाटे उठल्यावर दिवा मंद करून काही क्षण स्वस्थ बसावे. दिवसभरात कोणाला दुखविले असेल, त्याचे स्मरण करावे, सकाळी त्याची क्षमा मागण्याचा निश्चय करावा आणि मग इष्टदेवतेचे नाव घ्यावे. मागणे शेवटी मागावे; न मागता आले तर अधिकच चांगले. मंदिराचे दार उघडेपर्यंत भाविकाच्या अंतःकरणाचे दार उघडे असावे, एवढीच श्रीचरणी प्रार्थना.