खाली उतरून पाहणारा देव



७ जुलै २०१६ च्या रात्री अमेरिकेतील डॅलस शहरात एका माजी सैनिकाने पाच पोलिसांना गोळ्या घालून ठार केले व तो एका कॉलेजच्या इमारतीत शिरला. बराच वेळ बोलणी झाली, तो शरण येईना. अखेर बॉम्ब निकामी करण्यासाठी ठेवलेल्या यंत्रमानवाच्या हाती सुमारे ४५० ग्रॅम स्फोटक देऊन पोलिसांनी तो पुढे धाडला. स्फोटात तो इसम मरण पावला.

त्या पोलिसांना इथे बसून दोष देणे आम्हांला जमत नाही. जीव वाचवण्यासाठी आक्रमकाला रोखताना त्याचा प्राण गेला, तर ख्रिस्तसभा त्याला खून म्हणत नाही. तरीही मनात प्रश्न येतो. पोलिसाला गोळी झाडण्याची मुभा असते ती जिवावर बेतते म्हणून. यंत्र पुढे गेले आणि पोलीस भिंतीआड सुरक्षित राहिला, तर थोडे थांबायला वेळ मिळतो. तो वेळ माणसाला जिवंत धरून न्यायालयात उभे करण्यासाठी वापरायचा, की दुरून बटण दाबण्यासाठी? (यंत्राने काहीच ठरवले नव्हते, बटण माणसाच्याच हाती होते.)

आदामाने फळ खाल्ले हे सर्वज्ञ देवाला ठाऊक होते. तरी त्याने त्याला हाक मारली, विचारले, त्याची लंगडी सबबसुद्धा ऐकून घेतली. बाराव्या शतकात पौकापालेया नावाच्या धर्मकायद्याच्या पंडिताने न्यायालयीन कामकाजाचा उगम तिथेच, एदेन बागेत, दाखवला. सदोमविषयीची ओरड कानी आली तेव्हाही देव स्वतः खाली जाऊन खरेखोटे पाहायला निघाला. भावाचा खून करणाऱ्या काईनावर तर त्याने खूण केली, कोणी त्याला मारू नये म्हणून.

संत फ्रान्सिसचे नाव मिरवणाऱ्या सॅन फ्रान्सिस्को शहराच्या नगरमंडळाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पोलिसांना असे यंत्रमानव वापरण्याची परवानगी ८ विरुद्ध ३ मतांनी दिली. लोक रस्त्यावर आले, आणि आठवड्याभरात ती मागे घ्यावी लागली.

आपल्याकडे यंत्रमानव लागत नाही. एन्काउंटरमध्ये कोणी मेला की नाक्यावर 'बरे झाले' म्हणणारे आपणच असतो, मिस्सा आटोपून घरी जातानासुद्धा. ऐकून घेतल्याशिवाय दोषी कसे ठरवता, असे निकदेमाने विचारले तेव्हा परूश्यांनी त्याचीच टर उडवली होती.

आज विश्वासूंच्या प्रार्थनेत डॅलसच्या त्या पाच पोलिसांची व त्यांच्या घरच्यांची आपण आठवण करणार आहोत. त्यांना मारणाऱ्याचीही करू.