मागवलेला भूकंप

शेक टेबलावर, म्हणजे भूकंपासारखं हलवता येणाऱ्या प्रयोगशाळेतल्या मंचावर, भूकंप हवा तेव्हा मागवता येतो. प्रश्न असतो कोणता मागवायचा याचा, आणि तिथे अभ्यासकांची सवय ठरलेली: १९४० चा एल सेंट्रो, नाहीतर आपल्याकडचा ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा. कोयनेची नोंद तर खुद्द धरणात बसवलेल्या यंत्राने टिपलेली, त्यामुळे जगभरचे धरण-अभ्यासक ती वापरतात. पण पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीला यातलं काय लागू पडतं?

तिथे नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी, हळदपाडा भागात जे सुरू झालं, त्याला एक तारीख नाही. हजारो लहान, उथळ हादरे. मोठ्यातले मोठे चारच्या आसपास. ऐन थंडीत माणसं घर असून तंबूत झोपली. फेब्रुवारी २०१९ मध्ये घाबरून बाहेर पळताना एक लहान मुलगी पडून दगावली. तिच्यावर भिंत कोसळली नव्हती.

असे हादरे टेबलावर आणायचे तर आधी टेबल कसं चालतं ते पाहावं लागतं. नोंद असते त्वरणाची, टेबलाला मात्र सांगावं लागतं की किती सरकायचं. त्यासाठी दोनदा इंटिग्रेशन करताना नोंदीतली बारीक चूक फुगत जाते आणि टेबल एकाच बाजूला वाहवत जातं. ती आधी काढावी लागते. मग हुकूम द्यायचा, टेबल प्रत्यक्षात कसं हललं ते मोजायचं, फरक पाहून हुकूम बदलायचा, पुन्हा हलवायचं. वर भिंत चढवली की तीही टेबलाला उलटी ढकलते, म्हणजे रिकाम्या टेबलावर जमवलेलं गणित परत बिघडतं.

गंमत अशी की लहान हादरा वठवणं सोपं नसतं. गुरुत्वाच्या एक दशांश त्वरण सेकंदाला एका आंदोलनाने द्यायचं तर टेबल मधल्या जागेपासून अडीच सेंटिमीटर सरकतं. तेच लहान हादऱ्यासारखं झरझर, सेकंदाला दहा आंदोलनांनी द्यायचं तर जेमतेम पाव मिलिमीटर. मोठी धाव घेण्यासाठी बांधलेल्या हायड्रॉलिक यंत्राला इतकं बारीक हलणं जड जातं. त्याची स्वतःची थरथरच त्यात मिसळते.

तरी मला वाटतं, या तालुक्यांसाठी लहान हादऱ्यांचाच प्रयोग हवा. घरकुलाच्या मापाची विटांची भिंत आणि शेजारी कारवीचा कूड उभा करावा. मोठा भूकंप देऊन भिंत पाडण्याची घाई नको. इथल्याच नोंदी ओळीने, शेकड्यांनी चालवाव्यात, मध्ये भेगा न बुजवता, आणि कितव्या हादऱ्याला कोणती भेग किती वाढली ते लिहून ठेवावं.