परक्या दिंडीत चालताना

दिघाशी, ता. भिवंडी

चि. सायलीस,


तुझ्या मैत्रिणीच्या गावचा संघ सावंतवाडीहून जुन्या गोव्याला झेवियरच्या फेस्तासाठी पायी निघतोय आणि तुलाही बोलावलंय, हे वाचून बरं वाटलं. तुझी कुरकुर मात्र पटली नाही. मुक्काम आधीच ठरलेले, म्होरक्या सांगेल तेव्हा उठायचं, सामान टेम्पोत. मग ही यात्रा कसली, ही तर सहल, असं तू लिहितेस. अगं, वारीत दुसरं काय असतं? दिंडीला नंबर असतो, भिशी आधी भरावी लागते, तंबू-पातेली ट्रकमधून पुढे जातात आणि चोपदारानं दंड उंचावला की अख्खा तळ गप्प होतो. ही घडी एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी बसवली. ते शिंदे सरकारच्या पदरी होते, म्हणून तिला लष्करी वळण आहे. तंबू-घोड्यांची सोय अंकलीच्या शितोळे सरदारांची. त्या वारीला आजवर कुणी सहल म्हटलं नाही.

ख्रिस्ती यात्रांचंही तेच. स्पेनमधल्या सांतियागोला 2024 मध्ये पाच लाखांच्या आसपास यात्रेकरू पोचले. आज तिथे वाटाड्यापासून बॅगा पोचवण्यापर्यंत सगळं कंपन्या बघतात, आणि त्यावर नाकं मुरडणारेही आहेत. पण त्या वाटेची माहितीपुस्तिका बाराव्या शतकातली आहे! कुठल्या नदीचं पाणी प्यायल्यानं घोडे मरतात, कुठले नावाडी लुबाडतात, सगळं तिच्यात लिहून ठेवलंय. चोराचिलटांच्या भीतीनं लोक तेव्हा जथ्यानंच चालत. एकट्यानं स्वतःचा शोध घेत हिंडणं ही हल्लीची हौस.

ज्याच्याकडे निघालीस त्याची माहिती मात्र करून घे. फ्रान्सिस झेवियर 1506 मध्ये नावारात जन्मला, 1542 मध्ये गोव्यात आला आणि 3 डिसेंबर 1552 रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारला. त्याचं शव 1554 मध्ये गोव्यात आणलं. 3 डिसेंबरचं फेस्त हे त्याच्या पुण्यतिथीचं. त्याआधी 24 नोव्हेंबरपासून नऊ दिवस नोव्हेना चालते. गोव्यात त्याला ‘गोंयचो सायब’ म्हणतात, आणि तसं म्हणणाऱ्यांत हिंदूही असतात.

याच झेवियरनं 1546 मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून इन्क्विझिशनची, म्हणजे धर्मन्यायालयाची, मागणी केली होती. 1560 मध्ये ते गोव्यात आलं, तेव्हा तो हयात नव्हता. पण पत्र त्याचंच. हे तुझ्यापासून लपवायचं कारण नाही. तसंच आपल्याकडचंही माहीत असू दे. वज्रेश्वरीचं देऊळ चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकण्यासाठी बोललेल्या नवसातून उभं राहिलं, आणि वसईच्या चर्चमधल्या घंटा नाशिकला नारोशंकराच्या आणि भीमाशंकरच्या देवळात टांगल्या गेल्या. बांद्याकडून गेलात तर पत्रादेवीला हुतात्मा स्मारक लागेल. 15 ऑगस्ट 1955 रोजी गोवा मुक्तीचे सत्याग्रही तिथे पायीच हद्द ओलांडत होते आणि पोर्तुगीजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. तिथे दोन मिनिटं थांब. संघातल्या कुणाला सोबत यावंसं वाटलं तर उत्तम. वाद मात्र घालू नकोस. तुझ्याशेजारी चालणारी म्हातारी मुलाच्या दुखण्यासाठी बोललेला नवस फेडायला निघालेली असेल. राजाला लिहिलेल्या पत्राचा जाब तिला काय म्हणून विचारायचा?

आता रीत. संघाची रोझरी सुरू झाली की कानातलं यंत्र काढ. येत नसेल तर नुसती ऐक; रात्री तुझ्या हरिपाठाला कुणी अडवणार नाही. मिस्सेला खुशाल बस, पण ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत जाऊ नकोस, तो बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी असतो. गुडघे टेकलेल्या माणसाचा फोटो काढायचा नाही. शवदर्शनाची आशा धरू नकोस: ते दहा वर्षांतून एकदा होतं, मागचं 5 जानेवारी 2025 ला संपलं. बॉम जेझूच्या बासिलिकेत उंचावर त्याच्या शवाची चांदीची पेटी दिसेल. गोव्याच्या सोनारांनी घडवलेली आहे, काम नीट बघ.

पहाटेच्या अंधारात हायवेवरून चालणं ही खरी भीतीची गोष्ट, गाड्या बेफाम असतात. पाठीवर चमकणारी पट्टी लाव आणि रांग सोडू नकोस. नवे बूट अजिबात नकोत. सगळ्यांत हळू चालणाऱ्याच्या बरोबर राहा. तरुण पोरं पहिल्या दिवशी पुढे पळतात आणि दुसऱ्या दिवशी टेम्पोत बसतात.

पुढे सांतियागोला जायचंही तुझ्या मनात आहे, ते तुझ्या आईनं सांगितलं. मग सांतियागोच का? झेवियरचं जन्मगाव सांतियागोच्या वाटेपासून फार लांब नाही, आणि दर मार्चमध्ये नावारातले लोक तिथल्या किल्ल्याकडे जथ्यानं पायी जातात. आधी गोवा होऊ दे. पासपोर्ट तेवढा काढून ठेव, त्याला वेळ लागतो.

तुझे
आबा