रस्त्याला दिलेली छपरी

नवतपा लागला की वर्ध्याच्या बाजारात भर दुपारी कोणी उगाच फिरत नाही. पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. ज्याला जावंच लागतं तो डोक्याला दुपट्टा गुंडाळून सावली हुडकत निघतो. ती मिळते तुकड्यातुकड्यांनी: रसवंतीची हिरवी जाळी, पानठेल्याचं टिन, एखाद्या बँकेच्या पायऱ्यांवरचा सज्जा. मधल्या उघड्या पट्ट्यात ऊन गाठतंच. गंमत म्हणजे विदर्भातल्या कुठल्याही मोठ्या गावात व्यापारी संकुलाच्या माथ्यावर ‘आर्केड’ अशी पाटी दिसते, आणि तिथे तेवढी एकच गोष्ट नसते, ती म्हणजे आर्केड.

मूळ कल्पना साधी. खांबांवर तोललेल्या कमानींची रांग आणि तिच्याखालून चालायची वाट. ही नुसती शोभेची बाब नव्हती. ती घरमालक आणि वाटसरू यांच्यातला करार होती. इटलीतल्या बोलोन्या शहरात विद्यापीठामुळे माणसं वाढली, तशी लोकांनी वरचे मजले रस्त्यावर काढायला सुरुवात केली. आपल्याकडे अशा वेळी अतिक्रमणाची नोटीस निघते. तिथल्या नगरसत्तेने १२८८ साली उलटाच नियम केला: नवं घर बांधायचं तर खाली कमानींची वाट सोडलीच पाहिजे. जागा मालकाची, डागडुजी मालकाची आणि चालण्याचा हक्क सगळ्यांचा. त्या वाटा आजही वापरात आहेत. २०२१ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात घेतलं. सिंगापूरची आखणी झाली तेव्हा, १८२२ साली, ब्रिटिश अधिकारी रॅफल्सनेही दुकानांपुढे सलग आच्छादित वाट सक्तीची केली. मुंबईत दादाभाई नौरोजी रस्त्यावर पावसात छत्री न उघडता बरंच अंतर कापता येतं, ते याच विचारामुळे. तिथली प्रत्येक इमारत वेगळ्या घाटाची, पण खालची वाट एकमेकींना जोडलेली.

मग पॅरिसमध्ये या कल्पनेने कूस बदलली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दोन रस्त्यांना जोडणाऱ्या बोळांवर लोखंड आणि काचेचं छत आलं, दोन्ही बाजूंना दुकानं सजली. रस्त्याची कड होती ती इमारतीचा पोटभाग झाली. वॉल्टर बेंजामिन हा जर्मन विचारवंत १९२७ पासून याच काचेच्या बोळांबद्दल टिपणं काढत होता. भांडवलशाहीची स्वप्नं कुठे पाहिली गेली, तर इथे, असं त्याला वाटत होतं. १९४० साली नाझींपासून पळताना तो गेला. त्याचं ते काम ग्रंथरूपात यायला १९८२ उजाडलं. पुढचा प्रवास झपाट्याचा आहे. नाणं टाकून खेळायच्या यंत्रांच्या खोलीलाही आर्केडच म्हणू लागले, व्हिडिओ गेम आले, आणि खोली जितकी अंधारी तितका धंदा बरा अशी स्थिती आली. मॉलही याच ओळीतला. सावली होती, गारवाही होता. फक्त आत शिरलेल्या माणसाकडे आता गिऱ्हाईक म्हणून पाहिलं जात होतं.

आपल्याकडे हा करार नव्हता का? होता, पण अपुरा. इकडे घरापुढे छपरी असते. (हल्लीची पोरं हा शब्द शिवीसारखा वापरतात, त्याला इलाज नाही.) मालगुजाराच्या वाड्याची ओसरी म्हणजे गावाची बैठक. वाटसरूला पाणी तिथेच, हिशेब तिथेच, भांडण तुटायचं तेही तिथेच. जुन्या आठवणी लिहिणारे इथे येऊन हळवे होतात, तिथे मी थांबतो. कारण कोणाला सतरंजी, कोणी ओट्याच्या पायरीशी बसायचं आणि कोणी अंगणात उन्हातच उभं राहायचं, हे जातीने ठरलेलं होतं. सावलीचीसुद्धा उतरंड होती. याच वर्ध्यात जमनालाल बजाज यांनी १९२८ साली लक्ष्मीनारायण मंदिर दलितांना खुलं केलं, तेव्हा ती बातमी देशभर झाली. त्यावरून आधीची स्थिती समजावी.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले. ऐन उन्हाळ्यात. बापू कुटी आज जाऊन नीट पाहावी. मातीच्या भिंती, वर कवेलू, खाली शेणाने सारवलेली जमीन. भिंतीवर गांधीजींच्या शिष्या मीराबेननी मातीतच उठवलेली ताडाची झाडं. बाहेरचा डोळे दिपवणारा उजेड पडवीत मऊ होतो आणि मग आत पोचतो. बाहेरून आलेल्या माणसाचंही तसंच होतं. इव्हान इलिच हा विचारवंत १९७८ साली इथे आला, कुटीत बसला आणि तिच्यातल्या जागा मोजून त्यावर बोलला. त्याने सात प्रकारच्या जागा सांगितल्या. चपला काढण्याची जागा त्याने स्वतंत्र धरली, उघडी पडवीही धरली. आपल्या सातबारा-एफएसआयच्या हिशेबात या दोन्हींची किंमत शून्य. आणि १९३९ साली कुष्ठरोगाने ग्रासलेले परचुरे शास्त्री आश्रमात आले, तेव्हा त्यांची झोपडी गावाबाहेर नव्हे, बापूंच्या कुटीजवळ बांधली गेली. वाड्याच्या ओसरीला जे जमलं नव्हतं ते इथे घडलं.

कमान बांधायला दगड किंवा काँक्रीटच लागतं असंही नाही. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने कुंभाराच्या चाकावर केलेले शंकूच्या आकाराचे मातीचे नळे एकात एक बसवून कमानी उभ्या केल्या आणि त्यांवर लाकडाशिवाय छत घातलं. हात इथलेच, माती इथलीच.

तरीही बाजारातली नवी इमारत पाहा. नियमाप्रमाणे पुढे मोकळी जागा सुटलेली असते. तिथे गुळगुळीत फरशी, तिच्यावर दुचाक्या, उरलेल्या जागेत दुकानाचा माल. नालीवरच्या झाकणावरून तोल सांभाळत माणूस शेवटी रस्त्यावर, गाड्यांमध्येच उतरतो. वर काचेची भिंत असते, ती आतल्यांना एसी लावायला भाग पाडते आणि त्या एसीची गरम हवा पुन्हा चालणाऱ्याच्याच अंगावर. यात दुकानदाराला दोष देऊन भागणार नाही. एकट्याने छपरी काढली तर शेजारी तिच्यापाशी टपरी टाकतो. सगळ्यांनी काढली तरच वाट होते. बोलोन्याने हे नियमावर सोपवलं, दानतीवर नाही. आपल्याला मात्र सावली म्हणजे कोणीतरी पुण्य मिळवायला उभारायची पाणपोई वाटते.

वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव इथल्या नगरपरिषदांनी यापुढे व्यापारी संकुलाचा नकाशा मंजूर करताना रस्त्याकडून सहा फूट सलग छपरी मागावी, शेजारच्या इमारतीच्या छपरीशी ती जुळते का हे तपासावं, आणि तिच्यात माल किंवा दुचाकी ठेवणाऱ्याला दंड करावा. एवढं झालं की पाटीवर आर्केड खुशाल लिहा.