बिनव्हाउचरचा फोटो

माणसाला एखादा छंद असावा, असं सगळेच म्हणतात. फक्त तो शेजारच्या माणसाला असावा, असं प्रत्येकाच्या बायकोचं मत असतं. मला जुन्या युरोपियन सिनेमांचे स्टिल फोटो जमवायचा छंद आहे. आमच्या शाखेत ही बातमी फुटली तेव्हा हेड कॅशियर माझ्या टेबलाशी आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, ‘‘युरोपियन? म्हणजे... कसले हो?’’ मी त्यांना बर्गमनच्या १९५७ सालच्या ‘वाइल्ड स्ट्रॉबेरीज’चा फोटो दाखवला. त्यात एक सुरकुतलेला म्हातारा मोटारीत बसला होता. त्यानंतर त्यांनी हा विषय पुन्हा काढला नाही.

स्टिल म्हणजे सिनेमाच्या रिळातून कापलेला तुकडा, असा अनेकांचा समज असतो. तसं नसतं. शूटिंगच्या जागी साध्या कॅमेऱ्याचा एक वेगळाच गृहस्थ उभा असतो. जाहिरातीसाठी तो त्याच नटांचे, त्याच कपड्यांत, आपल्या कोनातून फोटो काढतो. रेमों कोशतिए (१९२०–२०२१) हा असाच एक फ्रेंच फोटोग्राफर. गोदारच्या ‘ब्रेथलेस’ (१९६०) मधली जीन सीबर्ग पॅरिसच्या रस्त्यात बेलमोंदोच्या गालाचं चुंबन घेते, तो त्याचा जगप्रसिद्ध फोटो. गंमत म्हणजे ते चुंबन सिनेमात नाहीच! आणि दुसरी गंमत म्हणजे फोटो कोशतिएनी काढले, पण हक्क निर्मात्याचे. ते त्याला मिळाले तेव्हा त्याची ऐंशी उलटून गेली होती.

तर असे एकसष्ट फोटो माझ्याकडे आहेत. मी बी.कॉम. झालेला माणूस, त्यांची रीतसर वही ठेवली आहे. तारीख, सिनेमा, साल, किंमत, कोणाकडून घेतला, सगळं. साठ फोटोंच्या नोंदी ऑडिटरनी येऊन बघाव्यात अशा. फक्त अनुक्रमांक एकपुढचे रकाने कोरे आहेत.

कारण अनुक्रमांक एक मी चोरलेला आहे.

वाचकहो, लगेच तोंड फिरवू नका. विशीत होतो. आमच्या गावच्या फिल्म सोसायटीत सव्वीस वर्षांपूर्वी डी सिकाचा ‘बायसिकल थीव्ज’ (१९४८) दाखवला. सिनेमा संपल्यावर मी सुन्न होऊन बाहेर आलो. दाराशी फलकावर फोटो होता: बाप आणि मुलगा फुटपाथच्या कडेला बसलेले, दोघांनाही पुढं काय करावं ते सुचत नाही. आजूबाजूला कोणी नव्हतं. मलाही पुढं काय करावं ते सुचलं, आणि मी ते केलं. चोरीवरचा सिनेमा बघून त्याच सिनेमाचा फोटो चोरणारा मी बहुधा पहिलाच नसेन, पण त्यामुळं नोंद काही होत नाही.

आता प्रश्न असा की, प्रेमापोटी केलेली चोरी ही चोरी का?

माझ्या बाजूनं मी मोठा वकील दिला होता. फ्रान्स्वा त्रुफो. त्याच्या ‘फोर हंड्रेड ब्लोज’ (१९५९) मध्ये आंत्वान नावाचं पोरगं आणि त्याचा दोस्त थिएटरातून बर्गमनच्या ‘समर विथ मोनिका’चा फोटो लांबवतात. पुढं ‘डे फॉर नाइट’ (१९७३) मध्ये एका दिग्दर्शकाला स्वप्न पडतं. त्यात एक मुलगा रात्री बंद थिएटरच्या जाळीतून काठी घालून ‘सिटिझन केन’चे फोटो ओढून घेतो. तो दिग्दर्शक झालाय खुद्द त्रुफो. म्हणजे एवढा मोठा माणूस दोन-दोनदा ही चोरी पडद्यावर मांडतो, आणि बघणारा म्हणतो, वा, काय प्रेम! मीही इतकी वर्षं स्वतःला हेच म्हणत आलो.

एकदा जेवताना हे सगळं मी हिला समजावून सांगितलं. तिनं शांतपणे भात वाढला आणि विचारलं, ‘‘बरं. मग तुम्ही कुठला सिनेमा काढलात?’’

या प्रश्नावर आमटी पुढं सरकवण्याखेरीज उत्तर नव्हतं. त्रुफोनी चोरीचं भांडवल धंद्यात घातलं आणि जगाला सव्याज परत केलं. मी तेच भांडवल सव्वीस वर्षं ट्रंकेत, बिनव्याजी ठेवलं. पण मग दुसरा प्रश्न येतो: चोर पुढं मोठा झाला तर माफ, आणि क्लार्क झाला तर चोर, हा कुठला न्याय? चोरी केली त्या दिवशी दोघांची शिल्लक सारखीच होती की!

शेवटी फोटो परत करायचं ठरवलं. पण तिथंही आंत्वान आडवा आला. ते पोरगं बापाच्या ऑफिसातून टाइपरायटर पळवतं, तो विकला जात नाही, म्हणून परत ठेवायला जातं, आणि पकडलं जातं ते परत ठेवताना! चोरीपेक्षा परतफेड धोक्याची. दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी फोटो पाकिटात घालून सोसायटीच्या जुन्या सेक्रेटरींकडे गेलो.

त्यांनी चष्मा पुसला, फोटो बघितला. चार कोपऱ्यांतल्या चार भोकांवरून बोट फिरवलं.

‘‘हा सोसायटीचा नव्हता,’’ ते म्हणाले. ‘‘आमच्या एका सभासदांचा. दर सिनेमाला ते आपल्या संग्रहातला एक फोटो लावायला द्यायचे. हा गेला आणि त्यांनी देणं बंद केलं. वारले मागेच.’’

मला एकदम आठवलं. त्यानंतर फलकावर नुसता टाइप केलेला कागद असायचा. आणि ‘फलकावर फोटो का लावत नाही? रसिकतेचा अभाव आहे,’ अशी लेखी सूचना सूचनापेटीत मीच टाकली होती!

आमच्याकडे कॅश कमी पडली की कॅशियर खिशातून भरतो. जादा पैसे घेऊन गेलेल्या गिऱ्हाइकाला वाटतं, बँकेचे गेले. बँकेचं काही जात नाही. जातं ते काउंटरमागच्या एका माणसाचं. माझ्या प्रेमाचं बिल असंच कोणीतरी भरलं होतं, आणि तेही माझ्याइतकंच प्रेम असलेल्या माणसानं. ‘बायसिकल थीव्ज’च्या शेवटी सायकल चोरणाऱ्या बापाला सोडून देतो तो सायकलीचा मालक. जमाव सोडत नाही. प्रेक्षक तर कधीच सोडून मोकळे झालेले असतात, पण त्यांच्या माफीला किंमत नाही. त्यांची सायकल गेलेली नसते. माझा मालक आता सोडायलाही नव्हता आणि धरायलाही नव्हता.

‘‘काय करू?’’ मी विचारलं.

‘‘पुढच्या महिन्यात डी सिकाचाच ‘उंबेर्तो डी.’ आहे,’’ सेक्रेटरी म्हणाले. ‘‘फलक रिकामाच आहे.’’

तेव्हा एकसष्टमधले बारा फोटो मी स्वतःच्या हातानं लावले. मधोमध अनुक्रमांक एक. टाचण्या जुन्याच भोकांतून घातल्या. सिनेमा १९५२ चा, नितांतसुंदर आहे म्हणतात. मी पाहिला नाही. मान वळवून दाराकडं बघत होतो. मध्येच एक किडकिडीत पोरगा उठून बाहेर गेला. मीही गेलो. तो त्या बापलेकांच्या फोटोसमोर उभा होता. बराच वेळ. मग त्यानं खिशात हात घातला, मोबाइल काढला, फोटोचा फोटो घेतला आणि आत येऊन बसला.

सिनेमा संपल्यावर मोजले. बाराच्या बारा. कॅश टॅली.

हायसं वाटलं. पण खरं सांगायचं तर, थोडं वाईटही वाटलं.