शिवडीच्या चिखलातले पाहुणे

मुंबईतल्या शिवडीच्या जेट्टीवर पक्षी बघायला निघालेला माणूस घड्याळाआधी भरती-ओहोटीची वेळ बघतो. पाणी ओसरलं की चिखल उघडा पडतो आणि रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो, चरायला पसरतात.

त्यांचं चरणंही उलटंच! मान खाली, चोच उपडी. जीभ पंपासारखी पाणी आत-बाहेर करते, चोचीच्या कडेची जाळी शेवाळ अडवते. त्याच शेवाळातल्या रंगद्रव्याने पिसं गुलाबी होतात. लहान पिल्लं मात्र करडी असतात. जवळच तुतवार हा छोटा पाणपक्षी शेपटी हलवत किडे टिपत असतो, पण त्याच्याकडे बघायला सवड कुणाला?

शिवडीलगतच्या ठाणे खाडीच्या एका भागाला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा, २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. शिवडी त्या हद्दीबाहेर राहिली. पक्षी तरीही येतात. शेजारून आता अटल सेतू हा सागरी पूल जातो.