भरवशाच्या म्हशीला

भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो, ही म्हण ज्याने काढली त्याच्या मनात म्हैस नव्हतीच, जुनी मोटार होती, असा माझा बरेच दिवसांचा संशय आहे. त्या काळी मोटारी नव्हत्या, म्हणून बिचाऱ्याने म्हशीवर भागवले.

मी बँकेत कारकून. म्हणजे भरवसा हाच आमचा धंदा. गेली बावीस वर्षे लोकांच्या सह्या जुळवतो आहे. सही जुळली की माणूस खरा, नाही जुळली की परत. आता या धंद्यात मुरलेल्या माणसाला माणसे ओळखता यावीत, अशी तुमची अपेक्षा असेल. माझीही होती. पण कोरा सातबारा आणि दोन सधन जामीनदार घेऊन आलेला इसम पहिल्याच वर्षी हप्ते बुडवतो, आणि ज्याला पाहून साहेबांच्या कपाळावर आठ्या पडल्या तो पानठेलेवाला दर पाच तारखेला छातीठोकपणे काउंटरवर हजर! तेव्हापासून मी फक्त सह्या जुळवतो. माणसे जुळवायचे सोडून दिले आहे.

अशा मला 2016 साली जुनी व्हॅन घ्यायची पाळी आली. घरात आम्ही सात माणसे. पोहरादेवीला जायचे, कारंज्याला गुरुमंदिरात जायचे, तर दर वेळी कुणाला तरी 'तू पुढच्या वेळी' म्हणावे लागे, आणि ते नेमके आत्याला म्हणावे लागे. सात माणसांना आणि माझ्या पगाराला एकाच वेळी मावणारी गाडी एकच. मारुतीची ओम्नी. ही 1984 साली आली तेव्हा तिचे नाव नुसते 'मारुती व्हॅन' होते. 796 सी.सी.चे इंजिन, सरकते दार, आणि हिंदी सिनेमात कुणाला पळवून न्यायचे असले की तीच. 2019 साली ती निघायचीच बंद झाली. इंजिन पुढच्या सीटखाली असते, त्यामुळे मे महिन्यात वाशिममध्ये ती चालवणारा माणूस वरून भाजतो आणि खालून शिजतो.

गाडी घ्यायची म्हटल्यावर सल्ले देणारे उगवले. त्यातला कामाचा सल्ला एकाच माणसाचा, आमच्या चौकातल्या मिस्तरीचा.

"भाऊ, मीटर कायले पायता? पायडलचं रबर पाहा. मीटर खोटं बोलते, रबर नाई बोलत. अन् सांगून जाऊ नका. गेल्या गेल्या सीट उचलून इंजिनले हात लावा. गरम लागलं तं समजा, तुमी याच्या अगोदर त्यानं चालू करून ठेवली. मंग ऑइलचं झाकण खोला. आतून दुधावानी दिसलं तं हात जोडा अन् घरी या."

दुधासारखे दिसणे म्हणजे ऑइलमध्ये पाणी शिरले, हेडचे गॅस्केट गेले. निळा धूर म्हणजे गाडी ऑइल पिते. मी हे सगळे पासबुकाच्या मागे लिहून घेतले.

पाच गाड्या पाहिल्या. पाचही मालकांनी एकच वाक्य म्हटले, 'भाऊ, फक्त पेट्रोल टाका अन् चालवा.' पाचही इंजिने गरम.

सहावी गाडी मंगरूळपीरकडच्या एका निवृत्त गुरुजींची. 2009 चे मॉडेल. इंजिन थंड. गुरुजींनी आधी चहा दिला, मग एक वही दिली. प्रत्येक पेट्रोल, प्रत्येक ऑइल, प्रत्येक पंक्चर, तारखेसह! माझ्यातला वाणिज्य पदवीधर गहिवरला. मग गुरुजी म्हणाले, "हे पाहा भाऊ, थंडीत तिसऱ्या सेल्फला सुरू होते. मागचं दार कधी कधी रुळावरून उतरते. आणि अकोल्याला जाताना पातूरच्या घाटात गरम होते. दहा मिनिटं थांबायचं, वही वाचायची, मग निघायचं."

यावर माझ्या मनात काय यावे? हा माणूस इतके सांगतो आहे, म्हणजे नक्की आणखी काहीतरी लपवतो आहे!

अमेरिकेत तर या प्रश्नावर एका माणसाला नोबेल मिळाले आहे. जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजारावर निबंध लिहिला. आधी तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला होता, आमच्याकडच्या कर्जप्रकरणासारखा. तिकडे फसव्या गाडीला 'लेमन' म्हणतात. लेमन कुठली आणि चांगली कुठली हे विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा सगळ्यांनाच मधली किंमत देऊ करतो. चांगल्या गाडीच्या मालकाला ती परवडत नाही, तो गाडी बाजारातून काढून घेतो, आणि बाजारात उरतात लिंबेच लिंबे. 2001 साली या माणसाला नोबेल दिले, आणखी दोघांबरोबर. आपल्याकडे मात्र लिंबू गाडीच्या पुढे टांगतात, मिरच्यांसकट. गाडी लिंबू निघू नये म्हणूनच ना?

तर मी काय केले? गुरुजींनी सांगितलेल्या तीन खोडींचे पाच-पाच हजार लावले आणि किमतीतून पंधरा हजार पाडले. गुरुजी काही बोलले नाहीत. एक लाख दहाची गाडी पंचाण्णवला दिली, वर वही फुकट. बाहेर आल्यावर सौ. म्हणाली, "अहो, त्यांनी खरं सांगितलं म्हणून तुम्ही त्यांना दंड केलात की काय?" मी तिला व्यवहार कशाला म्हणतात ते समजावून सांगितले. तिला ते समजले नाही.

व्हॅन सात वर्षे चालली. तिसऱ्या सेल्फला सुरू झाली, घाटात दहा मिनिटे थांबली, पण वाटेत टाकून कधी गेली नाही. आता ही गाडी भरवशाची म्हणायची की नाही? बिघडत नाही ती भरवशाची, असे म्हटले तर जगात भरवशाचे काहीच नाही, आमच्या शाखेतला पंखासुद्धा नाही. कुठे बिघडणार हे आपल्याला ठाऊक असते ती भरवशाची, असे म्हटले तर सौ.च्या मते मीही त्यात बसतो. तिसऱ्या हाकेला उठतो.

फक्त ब्रेकची एक गोष्ट होती. जोरात दाबला की गाडी डावीकडे ओढायची. पहिल्याच पावसाळ्यात ते लक्षात आले. मिस्तरी दर साली दुरुस्त करायचा, दर साली ती परत ओढायची.

2023 साली गाडी काढायची ठरली. घटत्या शिलकीच्या घसारा पद्धतीने किंमत कधीच शून्य होत नाही, हे मी कॉलेजात शिकलो आहे, तेव्हा पंचेचाळीस हजार सांगितले. रिसोड नाक्याकडचा एक तरुण आला. मी त्याला सेल्फचे सांगितले, दाराचे सांगितले. ते त्याला पाच मिनिटांत कळणारच होते. घाटाचे ओझरते सांगितले. ब्रेकचे राहिले. म्हणजे मी राहू दिले. 1930 च्या माल विक्री कायद्याचे सोळावे कलम खरेदीदाराने स्वतः सावध राहावे असेच म्हणते, आणि कायद्यापेक्षा जास्त प्रामाणिक असायला मी कोण? त्याने पाच हजार इसार दिला आणि जाताना म्हणाला, "काका, शाळेची पोरं नेतो म्हणतो."

रात्री ते सोळावे कलम काही केल्या आठवेना. नुसती पोरे आठवत होती. सकाळी उठून त्याच्या घरी गेलो आणि ब्रेकचे सांगितले. त्याने माझ्याकडे पाहिले. ती नजर मी ओळखली, ती माझीच होती.

"अजून काय काय आहे, काका?"

"काही नाही."

"खरं सांगा."

दुपारी तो इसार परत घेऊन गेला.

मग ब्रेकचे सगळे सामानच नवीन बसवले, खर्च सोसला, आणि दोन महिन्यांनी एका मंडपवाल्याला सदतीस हजारांत गाडी दिली. वही दिली. त्याने ती न उघडताच डॅशबोर्डवर टाकली.

नोव्हेंबरात बँकेत पेन्शनरांची गर्दी असते. हयातीचा दाखला. आपण जिवंत आहोत हे माणसाने सांगून भागत नाही, सही करावी लागते. त्या रांगेत गुरुजी होते.

"गाडी कशी आहे, भाऊ?"

मी सगळी हकिकत सांगितली. पंधरा हजारांचे मनात होतेच, तेही कसेबसे बोललो. शेवटी म्हटले, "तुम्ही मात्र सगळं सांगितलं होतं, गुरुजी."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "सगळं नाही. ब्रेक डावीकडे ओढत होता. तेही सांगणारच होतो. पण तीन गोष्टींचे तुम्ही पंधरा हजार पाडले. म्हटलं, चौथी सांगितली तर हा माणूस गाडी फुकटच नेईल."

मागून कुणीतरी "साहेब, आवरा" म्हणाले. मी गुरुजींची सही तपासली. जुळत होती.